चौथी टोपी

गाडी बघायला येणारे गृहस्थ आधी इंजिन बघतील असं आम्हाला वाटलं होतं. बाबांनी त्यासाठी सकाळीच बॉनेट आतून-बाहेरून पुसून ठेवलं होतं. पण पुण्याहून आलेले ते पाहुणे अंगणात शिरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या उजव्या चाकापाशी उकिडवे बसले. मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी चाकाच्या मधोमधची क्रोमची वाटी निरखली, नखानं वाजवली आणि विचारलं, "व्हील कॅप कंपनीच्याच आहेत ना? चारही?"

"चारही," बाबा म्हणाले. "माझ्या वडिलांनी गाडी नवी आणली तेव्हापासून याच आहेत."

"लेखी द्याल?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात काहीही तांत्रिक निघालं की ते माझ्याकडे पाहतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो, पण घरातला मिक्सर बिघडला तरी तो माझ्याच खात्यात येतो. "हा देईल," बाबा म्हणाले.

पाहुण्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. चार व्हील कॅप ओळखायला पंधरा दिवस म्हणजे फारच झाले, असं मला तेव्हा वाटलं.

गाडी आमच्या आजोबांची. १९७१ची फियाट ११०० डिलाइट. आजोबांचा लकडगंजात सागवानाचा व्यापार होता. त्या काळी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची, त्यामुळे ती घरी आली तो दिवस लग्नासारखा साजरा झाला. दसऱ्याला तिची पूजा केली तेव्हाचा एक कृष्णधवल फोटो आहे. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, शेजारी पांढरं धोतर नेसलेले आजोबा. तोंडावर हसू नाही, पण एक हात गाडीच्या छतावर असा ठेवलाय की सगळं कळतं. आजोबा गेल्यावर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. नागपूरच्या उन्हाळ्यानं रबर खाल्लं, पावसाळ्यानं पत्रा खाल्ला. मी पुण्याला नोकरीत, बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. विकायचं ठरलं.

आमच्या इथल्या गॅरेजांत या टोपीला कुणी 'व्हील कप' म्हणतं, कुणी 'वाटी', कुणी 'टोपी'. मला टोपी हा शब्द आवडतो, कारण तो खरं बोलतो. चाकाला तिची गरज फारशी नसते. पण ती नसली की चाक बोडकं दिसतं.

आख, कुणी आणि टोपी

आधी ही वस्तू आली कुठून ते पाहू.

बैलगाडीचं चाक आठवा. मधे लाकडाचा जाड तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर लोखंडी धाव. तुंब्यातून आख बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला भोक पाडून कुणी ठोकलेली असते. कुणी निघाली तर चाक निघालं. आखाला वंगण लागतं आणि वंगणाला धूळ चिकटते. घोडागाड्यांच्या आणि सुरुवातीच्या मोटारींच्या चाकांना म्हणून टोकाला एक छोटं पितळी झाकण पिळून बसवायचे. वंगण आत, धूळ बाहेर. त्या झाकणावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असे, कारण चालत्या गाडीचा तेवढाच भाग रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येई.

पुढे लाकडी चाकं जाऊन दाबलेल्या पोलादाची चाकं आली. ती चार-पाच नटांनी आवळलेली असत. नट गंजतात, दिसायलाही ओबडधोबड. मग झाकण मोठं झालं आणि त्यानं नटही पोटात घेतले. अमेरिकेत १९५०च्या दशकात ते आणखी वाढलं आणि आख्खं चाक झाकू लागलं. वंगण राखायचं काम केव्हाच बेअरिंगजवळच्या आतल्या सीलकडे आणि झाकणाकडे गेलं होतं. बाहेरच्या टोपीकडे राहिली फक्त शोभा आणि नाव.

स्पोर्ट्स कारची गोष्ट जरा निराळी. शर्यतीत चाक झटपट बदलावं लागतं, नट मोजत बसायला वेळ नसतो. म्हणून तिथे मधोमध एकच मोठा पंख असलेला नट असायचा, हातोड्यानं ठोकून सैल करायचा. इंग्लंडमधल्या रज-व्हिटवर्थ कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशी चाकं प्रसिद्ध केली. म्हणजे फिरून आपली कुणीच आली म्हणा, फक्त पंख लावून. मग साध्या गाड्यांनाही शर्यतीचा डौल हवासा वाटू लागला, आणि टोप्यांवर खोटे पंख आले. त्यांनी काहीही आवळलं जात नसे. ते पादचाऱ्यांना लागू शकतात म्हणून अमेरिकेच्या सरकारनं १ जानेवारी १९६८पासून नव्या गाड्यांवर बाहेर आलेल्या पंखांना बंदी घातली. आता जुनी गाडी ओळखणाऱ्याला हीच बंदी कामाला येते. पंख दिसले की तो आधी गाडीचं साल विचारतो.

आमच्या फियाटचे श्रीमंत नातेवाईक

तुम्ही म्हणाल, स्पोर्ट्स कारचं काय सांगतोस, तुझी तर फियाट. मुंबईची टॅक्सी!

मान्य. पण बॉनेट उघडा. आमच्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. ही मापं १९३७च्या फियाट ५०८ सी या गाडीपासून चालत आलेली आहेत. एन्झो फेरारीनं स्वतःच्या नावाची गाडी काढण्याआधी, १९४०च्या मिल्ले मिलिया शर्यतीसाठी, '८१५' नावाच्या दोन गाड्या बनवल्या. त्या याच फियाटचे भाग वापरून. युद्धानंतर चिझितालिया या छोट्या इटालियन कंपनीनं हेच ११००चं इंजिन घेऊन '२०२' नावाची गाडी केली. पिनिनफरिनानं तिला असं काही अंग दिलं की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९५१मध्ये ती प्रदर्शनात मांडली आणि पुढे संग्रहातच घेतली. १९४७च्या मिल्ले मिलियात नुवोलारी हा पन्नाशी ओलांडलेला, आजारी ड्रायव्हर चिझितालिया २०२च्या उघड्या आवृत्तीत बसून दुसरा आला होता.

फियाटनं स्वतःही ११००ची एक वेगवान आवृत्ती काढली होती, 'टीव्ही'. म्हणजे तुरिस्मो वेलोचे, वेगवान प्रवासी गाडी. १९५५मध्ये तिची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स आवृत्ती आली. आमच्या डिलाइटची ही चुलत बहीण. एकीनं इटलीच्या समुद्रकाठी फिरायचं ठरवलं, दुसरीनं कुर्ल्याहून निघून लकडगंजात सागवानाचे नमुने वाहायचं.

कुर्ल्याची गोष्ट

कुर्ल्यात फियाट आली ती वालचंद हिराचंद यांच्यामुळे. जन्म १८८२, सोलापूर. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात व्हाव्यात असा हट्ट धरणारा माणूस. १९१९मध्ये सिंदिया स्टीम नेव्हिगेशन, १९४०मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट, आणि १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. आधी छोटी ५००, मग ११००. जुन्या, गोल पाठीच्या फियाटला लोक प्रेमानं 'डुक्कर फियाट' म्हणत.

१९५३च्या सुमारास सरकारनं धोरण ठरवलं की नुसते परदेशी भाग जोडून गाड्या विकायच्या असतील तर इथे राहता येणार नाही, भाग इथेच बनवावे लागतील. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, आणि एकेक भाग देशात होऊ लागला. १९६४मध्ये ११०० डी हे मॉडेल आलं. तेच डिलाइट. इटलीत या मॉडेलला १२२१ सीसीचं मोठं इंजिन होतं, आपल्याकडे १०८९च राहिलं. १९७२मध्ये तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. फियाटचं नाव गेलं, गाडी राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती इतकी राहिली की शेवटची टॅक्सी २००३मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

टोप्यांच्या हिशेबात यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, नाव बदललं त्याच्या आधीची गाडी फियाटचं नाव मिरवणार, नंतरची प्रीमियरचं. म्हणून १९७१च्या गाडीवर प्रीमियरची टोपी असेल तर ती मागाहून बसवलेली. दुसरी गोष्ट थोडी अवघड. भाग हळूहळू देशात होत गेले, तेव्हा 'कंपनीचा' म्हणजे एकाच साच्यातून निघालेला, असं धरून चालता येत नाही. साचे झिजतात, बदलतात. दोन टोप्या एकमेकींसारख्या नसूनही दोन्ही कंपनीच्या असू शकतात.

ओरिजिनल म्हणजे काय?

इथे मला पहिल्यांदा कळलं की पंधरा दिवस कमी आहेत.

जुन्या गाड्यांच्या जगात 'ओरिजिनल' या एका शब्दाच्या पोटात निदान चार अर्थ आहेत. पहिला, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर होता तोच भाग. दुसरा, त्याच कारखान्याचा, त्याच काळाचा, पण दुसऱ्या गाडीचा भाग. तिसरा, कारखान्याचाच, पण सुटा भाग म्हणून दुकानात विकला गेलेला. चौथा, हुबेहूब नक्कल. हा चौथा विकणाराही 'ओरिजिनल टाइप' म्हणतो, आणि 'टाइप' हा शब्द हळूच गिळतो.

डोळ्यांना जे योग्य दिसतं ते खरं असेलच असंही नाही. १९५३ची शेव्हरोले कॉर्व्हेट हे याचं नामांकित उदाहरण. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या, पहिली ३० जूनला. कॉर्व्हेटसाठी खास टोप्या ठरल्या होत्या, पण त्या वेळेवर तयार झाल्या नाहीत. म्हणून पहिल्या दोन डझनांच्या आसपास गाड्या बेल एअर या साध्या घरगुती मॉडेलच्या टोप्या घालून बाहेर पडल्या. आता समजा, अशी एखादी गाडी कुणाला मिळाली आणि त्यानं 'चुकीच्या' टोप्या काढून 'खऱ्या' कॉर्व्हेटच्या बसवल्या, तर त्यानं गाडी सुधारली की बिघडवली?

उलट उदाहरण पोर्शेचं. कंपनीचं प्रसिद्ध ढालीसारखं चिन्ह १९५२मध्ये स्टिअरिंगवर आलं, १९५४मध्ये बॉनेटवर, आणि चाकाच्या टोपीवर १९५९मध्ये. म्हणून १९५५च्या पोर्शेवर चिन्हाच्या टोप्या झळकत असतील तर त्या शंभर टक्के पोर्शेच्या असूनही त्या गाडीच्या जन्माच्या नाहीत. मालकानं हौसेनं लावलेल्या. दागिना खरा, पण लग्नातला नाही.

आपल्याकडे जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, म्हणजे व्हिंटेज. तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. मूळ स्वरूप म्हणजे चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठी उलथापालथ केलेली नसणं. टोपीबद्दल नियमात काही नाही. पण गाडी घेणारा माणूस नियमापेक्षा कडक असतो. त्याचं म्हणणं साधं असतं. इतकी सहज निघणारी, सहज चोरीला जाणारी टोपी जर यांनी पन्नास वर्षं सांभाळली असेल, तर आतलंही सांभाळलं असेल. टोपी ही साक्षीदार आहे. आणि बाबांनी तिच्या वतीनं साक्ष देऊन टाकली होती.

चार टोप्या, एक चुंबक

मी चारही टोप्या काढल्या आणि आतून खडूनं आकडे घातले. एक गोष्ट आधीच लक्षात घ्यायला हवी. कुठली टोपी कुठल्या चाकावर बसलीय याला फार अर्थ नसतो. पंक्चर काढताना, चाकं अदलाबदल करताना त्या फिरत राहतात. म्हणून टोपीची तुलना टोपीशी करायची.

चारहींवर मधोमध फियाटची चार रोमन अक्षरं उठावात होती. लांबून चारही सारख्या. आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. पहिल्या दोन जवळजवळ एका वजनाच्या, तिसरी थोडी हलकी, चौथी स्पष्टपणे जड.

मग उठावाची पाठ पाहिली. यंत्रात पत्रा दाबून केलेल्या अक्षराचा समोर उंचवटा असतो आणि मागे तेवढाच खळगा. कुणी खऱ्या वस्तूवरून साचा घेऊन ओतीव नक्कल केली, तर कडा बोथट होतात. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. व्हॉट्सॲपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेला फोटो कसा हळूहळू धूसर होत जातो, तसंच. पहिल्या दोन टोप्यांवर 'ए' या अक्षराच्या डाव्या पायाशी तांदळाच्या कणीएवढी खोच होती. दोन्हींवर, त्याच जागी. म्हणजे खोच टोपीला पडलेली नव्हती, साच्याला पडलेली होती. या दोघी एका पोटच्या. मी दसऱ्याचा तो फोटो स्कॅन करून मोठा केला. खोच दिसण्याइतका तो स्पष्ट नाही. पण अक्षरं दिसतात, आणि आमच्या दोघींपैकी एकीच्या काठावर जिथे चपटा पोचा आहे, तिथे फोटोत तो नाही. म्हणजे पोचा नंतरचा, एवढंच. फोटोनं मला माझ्या बाजूचा पुरावा दिला नाही, विरुद्धही दिला नाही. डिबगिंग करताना असे लॉग खूप भेटतात.

तिसऱ्या टोपीवर ती खोच नव्हती. अक्षरं उथळ होती. आतल्या बाजूला, मळाच्या थराखाली, खिळ्यानं ओरखडून चार आकडे लिहिले होते. ते आमच्या गाडीच्या नंबरातले नव्हते.

चौथीला फ्रिजवरचा चुंबक लावला. संत्र्याच्या आकाराचा, नागपूरकरांच्या प्रत्येक फ्रिजवर असतो तसला. पहिल्या तिघींना तो टपकन चिकटला. चौथीवरून घसरून खाली पडला.

मी जुन्या मिस्त्रींना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, पण आजोबांची गाडी म्हटल्यावर सायकल मारत आले. मी त्यांना माझा सिद्धांत सांगितला. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टेनलेस स्टील असणार, बाजारातली नक्कल. त्यांनी टोपी उलटी केली, काठावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"भाऊ, कडेला हिरवं दिसून नाही राहिलं काय तुले? लोखंड लाल गंजते. हिरवं कोण होते?"

हिरवं पितळ होतं. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर टोपी कळकली होती. मिस्त्रींनी कड जरा घासली, तर क्रोमच्या खालून पिवळा रंग वर आला.

क्रोमचा थर म्हणजे किती? शोभेच्या मुलाम्यात तो एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. खरी चकाकी आणि गंजापासूनचं रक्षण त्याच्या खालचा निकेलचा जाड थर करतो, वरचा क्रोम त्याला ओरखड्यांपासून आणि काळवंडण्यापासून वाचवतो आणि किंचित निळसर झाक देतो. तो थर झिजला की खालचा धातू आपली जात सांगतो.

मी टॉर्च आडवा धरून चौथीच्या आत पाहिलं. काठापासून मधापर्यंत बारीक गोल रेघा, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. यंत्रात एका ठोक्यात दाबलेल्या पत्र्यावर अशा रेघा उठत नाहीत. पत्रा लेथवर फिरवत, वरून अवजारानं रेटत रेटत साच्यावर बसवला की उठतात. अशी भांडी बनतात. आणि अक्षरं? ती मागून ठोकून उठवलेली होती. 'एफ'ची खालची आडवी रेघ वरच्यापेक्षा लांब होती. ज्यानं ती ठोकली त्याला बहुतेक रोमन अक्षरं येत नव्हती. त्यानं समोरची टोपी पाहून चित्र काढावं तशी ती काढली होती.

"भंडाऱ्याचं काम आहे हे," मिस्त्री म्हणाले.

रोजकीर्द

भंडारा आमच्यापासून साठेक किलोमीटर. पितळी भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. आमच्या घरातला पाण्याचा हंडा, आजीची परात, देवघरातली घंटी, सगळं तिथलं. पण गाडीची टोपी?

आजोबांच्या रोजकीर्दी माळ्यावर होत्या. लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या वह्या, मोडीची सवय असलेल्या हाताचं तिरकं देवनागरी. मी सॉफ्टवेअरवाला, मला वाटलं होतं दोन तासांत शोधून काढीन. वहीला सर्च नसतो. चार रात्री लागल्या. सागवानाचे घनफूट, हमाली, आत्याच्या लग्नाची मिठाई, एका दिवशी नुसतंच 'पाऊस फार'. मग १९७४ सालच्या वहीत एक ओळ सापडली. स्टेशनबाहेर उभ्या गाडीच्या दोन टोप्या चोरीस गेल्या. खाली रक्कम नाही, नुसती आडवी रेघ. पुढे काही महिन्यांनी, मुंबई मुक्कामी, चोर बाजार, टोपी एक, नऊ रुपये. आणि १९७७मध्ये, 'भंडारा. गाडीची टोपी नमुन्याबरहुकूम. पितळ व मजुरी बावीस रुपये. मुलामा निराळा.'

तिसरीतले ओरखडलेले चार आकडे मग उलगडले, निदान अंदाजानं. टोप्या चोरीला जातात म्हणून मुंबईचे टॅक्सीवाले आतून गाडीचा नंबर ओरखडून ठेवायचे, असं मिस्त्रींनी सांगितलं. म्हणजे आजोबांनी चोरीला गेलेल्या टोपीच्या जागी बहुधा कुणा टॅक्सीवाल्याची चोरीला गेलेलीच टोपी विकत घेतली होती. धोतर नेसणाऱ्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या गाडीवर चोरीचा माल! त्यांना ते ठाऊक होतं की नाही, ते रोजकीर्दीत नाही. पण त्यानंतर तीन वर्षं गाडी एका चाकानं बोडकी फिरली आणि चौथी टोपी घ्यायला ते चोर बाजारात परत गेले नाहीत, एवढं आहे. भंडाऱ्याला गेले.

मी वह्या बाबांपुढे ठेवल्या. बाबांनी चष्मा पुसला, ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"मला तर ते नेहमी म्हणायचे, चारही कंपनीच्या."

"म्हणायचे?"

बाबा बराच वेळ गप्प बसले. "नाही," ते शेवटी म्हणाले. "मीच म्हणायचो. ते ऐकून घ्यायचे."

आजोबांनी काही लपवलं नव्हतं. वही माळ्यावर होती, ओळ शाईनं लिहिलेली होती. आम्हीच विचारलं नव्हतं.

लेखी

आता खरा प्रश्न. मी काय लिहून द्यायचं?

पाहुण्यांनी टॉर्च लावून, जवळून पाहूनही चौथी टोपी ओळखली नव्हती. नखानं वाजवली ती नेमकी तीच, मागची उजवी. मी 'चारही कंपनीच्या' असं लिहून दिलं असतं तर बहुधा कुणालाच कधी कळलं नसतं. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन डोक्यावर होतं आणि गाडीच्या पैशांचा तिथे हिशेब धरलेला होता. हे मी उदात्तपणे सांगत नाही, एक रात्र मी त्या विचारात काढली. आपल्याकडे फसवण्याला 'टोपी घालणं' म्हणतात, हे त्या रात्री मला फार वेळा आठवलं.

पण दुसरीही एक बाजू होती. टोपी कंपनीची ठरली की भंडाऱ्याचा तो माणूस पुसला जातो. ज्याला 'एफ' वाचता येत नव्हता आणि तरी ज्यानं ती ठोकून उठवली, इतकी बेमालूम की चार दशकं कुणाला संशय आला नाही, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणजे रोजकीर्दीतली एक ओळ आणि ही एक टोपी. त्याचं नाव आजोबांनीही लिहिलेलं नाही. मी खोटं लिहिलं असतं तर त्याचं काम एका इटालियन कंपनीच्या खात्यावर जमा झालं असतं.

मी यादी केली.

टोपी एक आणि दोन. एकाच साच्याच्या. गाडीबरोबर आलेल्या, असं मानायला जागा आहे, फोटोवरून सिद्ध होत नाही.

टोपी तीन. कंपनीची, पण या गाडीची नाही. चोर बाजार, मुंबई, खरेदी १९७४.

टोपी चार. डुप्लिकेट. पितळ, वर मुलामा. १९७७.

बाबांनी कागद वाचला. पेन मागितलं. 'डुप्लिकेट' हा शब्द खोडला आणि वर आपल्या अक्षरात लिहिलं, 'भंडाऱ्याची'. मग खाली सही केली.

पाहुण्यांना फोटो पाठवला. तासाभरानं फोन आला. ते रागावले नव्हते. किंमत पंधरा हजारांनी उतरवली आणि बाबांनी घासाघीस केली नाही. पाहुणे म्हणाले, त्यांच्याकडे त्या काळची एक टोपी पडलेली आहे, ती ते चौथ्या चाकाला लावतील. "पितळेची तुम्हीच ठेवा, आठवण म्हणून. मला तिचा उपयोग नाही."

मला ते पटलं होतं. मी ती टोपी दिवाणखान्यात कुठे ठेवायची हेही ठरवलं होतं. बाबा म्हणाले, "नाही. ती गाडीसोबतच जाईल. चाकाला लावायची नसेल तर डिकीत ठेवा. पण पुढे कधी गाडी विकलीत, तर ती आणि हा कागद दोन्ही पुढच्याला द्यायचे. एवढं लेखी द्याल?"

पलीकडे थोडी शांतता. मग पाहुणे हसले आणि म्हणाले, "देतो."

गाडी न्यायला ट्रक आला त्या दिवशी त्रेचाळीस डिग्री होतं. मिस्त्री आले होते. फळीवरून गाडी वर चढवताना त्यांनी मागच्या उजव्या चाकाच्या बोडक्या नटांवर जुना रुमाल बांधला, धूळ लागू नये म्हणून. चौथी टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत, स्टेपनीशेजारी ठेवली होती. कागद तिच्या आतल्या वाटीत.